वरची ओळ

इंग्लंडमध्ये, लीड्सला शिकत असताना मी एका बँडला पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे त्यांचा गिटारवाला भांडून निघून गेला, बँड मोडला आणि बऱ्याच वर्षांनी तो परतल्यावर पुन्हा जुळला. गेल्या महिन्यात ते इथल्याच एका छोट्या सभागृहात आले. मी आणि माझा नवरा सुहास ऑफिसातून थेट गेलो. सभोवार आमच्यासारखीच दमलेली, सारखा पाय बदलत उभी असलेली माणसं होती.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं सुरू झालं. त्यातली एक ओळ फार वर जाते. ती आली, तसा गायकानं हसून माइक आमच्याकडे वळवला.

"किती प्रेमानं आपल्याला गाऊ देतोय बघ," मी म्हटलं.

"प्रेम कसलं? आवाज पोचत नाही गं त्याचा आता," सुहास हळूच म्हणाला.

आम्ही गायलो, पण आमचेही आवाज फाटले. हल्ली आईचा फोन आला की मी म्हणते, "तूच सांग." तिला वाटतं, लेकीला ऐकायची हौस आहे. खरं तर माझ्यात बोलायचं त्राण नसतं.

ती ओळ पुन्हा आली. गायकाचा हात माइककडे गेला, तेवढ्यात गिटारवाला शेजारी येऊन खालच्या सप्तकात ती गाऊ लागला. गायकानं माइक आपल्याकडेच ठेवला. मग त्यानंही आपला आवाज खाली आणला, आणि दोघं ते गाणं शेवटपर्यंत तसंच गायले.