बघायची पाळी

आमच्या बसस्टॉपवर नवी शेड झाली. स्टीलची, चकचकीत. फक्त बस ज्या बाजूने येते, नेमकी त्याच बाजूला भलीमोठी जाहिरात लावली आहे. आत बसलं की बस दिसत नाही, आणि रस्त्यावर येऊन हात केला नाही तर ड्रायव्हर थांबत नाही. शेड बांधणाऱ्याने बसची वाट कधी पाहिली नसावी.

म्हणून आमच्यात एक पद्धतच पडून गेली आहे. एकाने उन्हात उभं राहून बघायचं, बाकीच्यांनी सावलीत बसायचं. आज एक बाई उभ्या होत्या, डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी. मी उठलो. "बसा जरा, मी बघतो." त्या माझ्या जागेवर जाऊन बसल्या.

उन्हात डोळे बारीक करून बघताना वाटलं, ओळखपाळख नसलेलं कुणीतरी आपल्यासाठी बघत उभं आहे, एवढ्यावरच आपले दिवस निघतात. पण किती दिवस बघायचं?

शेवटी बस दिसली. "आली!" मी ओरडलो. सगळे पिशव्या उचलून बाहेर आले. दारात माणसं लोंबकळत होती. मी हात केला. ड्रायव्हरनेही केला, मागून दुसरी येतेय असा, आणि बस तशीच निघून गेली.

कुणी चिडलंसुद्धा नाही. पिशव्या पुन्हा खाली टेकल्या. त्या बाईंनी मात्र घसरलेला पदर डोक्यावर ओढला.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मागची मी बघते."