पाचव्या मडक्यावरची नखं

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. पुरातत्त्वाची विद्यार्थिनी होते, मोजता येईल तेवढंच खरं मानायचे. म्हणून हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही...

चौऱ्याहत्तरचा हिवाळा. नागपूरला धरमपेठेतल्या एका भाड्याच्या बंगल्यात आमचं काम चाले. नवाश्मयुगातल्या मडक्यांची काही खापरं आली होती. त्यांच्यावर गळ्याभोवती बारीक चंद्रकोरींसारख्या खुणांची नक्षी होती. ती कशाने काढली, हे शोधायचं होतं. हे काम चालवणाऱ्या आमच्या सरांनी कळमेश्वरहून सखूबाई कुंभारणीला बोलावलं. तिने चाक न वापरता, नुसत्या हातांनी पाच मडकी घडवली. चार मडक्यांच्या ओल्या मातीवर आम्ही काडी, शिंपला, दोरी, हाडाचं टोक — सगळं दाबून पाहिलं. एकही खूण जुळेना.

सखूबाईने खापर उन्हात धरलं. "साहेब, हे नख हाये. लेकराचं."

मी माझं नख दाबून पाहिलं. दुप्पट रुंद! जुनी खूण जेमतेम पाच मिलिमीटरची.

पाचवं मडकं कोरंच होतं. त्यावर ओलं पोतं टाकून खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्याकडे. खिडक्यांना गज. सर, सखूबाई आणि मी दारासमोरच व्हरांड्यात डबे खायला बसलो.

जेवून आत गेलो, पोतं उचललं... मडक्याच्या गळ्याभोवती नखांची रांग. अर्ध्यापर्यंत.

सर संतापले. "सखूबाई, ही कसली मस्करी?"

तिने दोन्ही हात पुढे केले. मातीत राबून नखं मुळापर्यंत झिजलेली. "मी काहून करू साहेब? अन् कशानं करू?"

सरांनी खुणेला रुंदी मोजायचा कॅलिपर लावला. पाच मिलिमीटर. दुसरी खूण, तिसरी... तेवढीच. "मोडून टाका ते!"

"नाही जी!" सखूबाई आडवी आली. "लेकरू काम करून राहिलं. अर्ध्यातून उठवते का कोणी?" तिने कोऱ्या बाजूवर पाणी शिंपडलं, पोतं पुन्हा टाकलं. "पोरी, कुलूप लाव."

मी दाराला पाठ लावून बसले. भर दुपार. रस्त्यावर सायकलरिक्षांच्या घंट्या. आणि मग आतून... ओल्या मातीत काहीतरी रुतल्याचा आवाज. पच्... पच्... एकसारखा. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांनाही ऐकू येत होतं! कुणी उठलं नाही.

आवाज थांबला. "आता उघड," सखूबाई म्हणाली.

रांग पूर्ण झाली होती. टोकाला टोक मिळालं होतं.

सरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं — 'प्रयोग पाच, अयशस्वी.' खाली मीही सही केली. घाबरले होते, दुसरं काय!

निघताना सखूबाईने विचारलं, "ते लेकरू पुढं मोठं झालं का वं? तुमच्या कागदात लिवलं असंल ना?"

आमच्या कागदांत मातीचा रंग होता, काठाची जाडी होती, भाजणी होती. त्या लेकराबद्दल एक ओळही नव्हती. माहीत नाही. त्या बंद खोलीत कोण होतं, तेही माहीत नाही... आजही नाही.