प्रतिभाच्या मशीनची नक्कल

प्रतिभा गेल्याचं तिच्या भावाने, मिलिंदने, फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी रडू आलं नाही. मनात आलं, आता ती मला पुन्हा विचारणार नाही... महिना उलटला तरी त्या विचाराची लाज जात नाही.

दिग्रसच्या कॉलेजात आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकवायचो. कापसाची ती वाईट वर्षं होती. फवारणी करताना विषबाधा झालेली माणसं गावोगावच्या आरोग्य केंद्रांत येत. पांढरकवड्याकडच्या गावात प्रतिभाचा मामा तसाच दगावला. केंद्रातून यवतमाळच्या डॉक्टरांना पाठवलेली त्याची माहिती, नेटची लाइन तुटत राहिल्याने, पोहोचलीच नाही. लाइन तुटली तरी निरोप थांबला तिथूनच पुढे जावा, एवढा एकच ध्यास तिने मग घेतला. निरोप वाहून नेणारी नेटवर्कची व्यवस्थाच ती नव्याने लिहीत होती. ती तपासायला तिने लॅबमधल्या एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता प्रोग्रामचा बनलेला कॉम्प्युटर उभा केला. सगळं लिखाण त्यातच; त्यालाच ती 'मशीन' म्हणे. "याले कितीबी मोडलं तरी बाहेरचा शाबूत राह्यते," म्हणायची, आणि दुपारभर त्याची लाइन तोडत बसायची. एका दुपारी पडद्याकडे बोट दाखवून ओरडलीच, "सुनंदा, पाय! निरोप पोचला!" त्याहून आनंदी ती मला आठवत नाही.

आरोग्य केंद्रात चाचणी घेऊ द्या म्हणून तिने अर्ज केले. उत्तर आलं नाही. तेवढ्यात तिचा आजार निघाला, तोही फार पुढे गेलेला. यवतमाळच्या दवाखान्यात तिने माझा हात धरला.

"लॅब कधीबी साफ करतीन. त्या मशीनची नक्कल काढून ठेवशीन ना?"

"सोमवारी काढीन," मी म्हटलं.

सोमवारी परीक्षेचं काम निघालं. गुरुवारी गेले, तर नव्या वर्षासाठी सगळे कॉम्प्युटर पुसून कोरे केलेले. पुढच्या भेटीत तिने विचारलं, "काढली?"

"काढली."

ती डोळे मिटून हसली... आठ दिवसांत गेली.

परवा मिलिंद आईला घेऊन कॉलेजात आला. "ताईनं काय बनवलं, ते आईले पाह्यचं हाय." मी आईंना प्रतिभाच्या खुर्चीवर बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला. निळा, रिकामा पडदा. "मावशी, यात आता काहीच..." मी कसंबसं बोलले. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी तळहात कॉम्प्युटरवर ठेवला होता.

"गरम लागून राह्यलं रे," त्या मिलिंदला म्हणाल्या, आणि हात काढेचनात.