खेळायला आलेल्यांच्या सह्या

आमच्या चाळीची संमती बिल्डरला मी मिळवून दिली. जमीनमालकाने नाही, बिल्डरच्या माणसांनी नाही. मी. ‘न वाचता सही करू नका’ असं छापलेली पत्रकं दोन वर्षं गल्लीगल्लीत वाटत फिरणारी मी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांवर चिडणार आहे आणि तेव्हा मला कोणी मध्ये अडवलेलं नको आहे.

चाळ ठाकुर्लीला. जमीन इथल्याच एका जुन्या शेतकरी घराण्याची. भाताची खाचरं गेली, खोल्या आल्या, आता खोल्या जाऊन टॉवर येणार. येऊ दे. गळक्या पत्र्याखाली राहण्यात मला काही क्रांती दिसत नाही. भांडण एवढंच होतं की टॉवर उभा राहीपर्यंत आम्ही कुठे राहायचं, हे बिल्डर कागदावर लिहून देत नव्हता. तोंडी म्हणायचा, शीळफाट्याच्या पुढे सोय करतो. पुढे म्हणजे कुठे? किती वर्षं? समोरच्या खोलीतल्या मावशी डोंबिवलीत एका कारखान्यात पॅकिंगला जातात, पहिली पाळी सकाळी सातची. त्या शीळफाट्याच्या पुढून सातला पोचणार कशा? मी हे भर मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा बिल्डरचा माणूस हसला, आणि त्याच्याबरोबर आमचे लोकही हसले. त्या हसण्याचा राग अजून माझ्या डोक्यात आहे.

पत्रकं काढून झाली होती. त्यांत लोक सुका बोंबील बांधून न्यायचे. म्हणून म्हटलं, वाचत नाहीत तर खेळू देत.

नेटवर एक जुन्या धाटणीचा गेम सापडला. लहानपणी पुठ्ठ्याच्या पटावर आपण व्यापार खेळायचो, तोच. फक्त पट नाही, सोंगट्या नाहीत, चित्र नाही. काळा पडदा आणि त्यावर एकामागून एक उमटणाऱ्या ओळी. कोणीतरी फुकट ठेवलेला, आतली सगळी मांडणी उघडी, त्यामुळे बदलता येत होता. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दुसरं काही धड चालत नाही, हा चालला. मी तो मराठीत केला. परदेशी रस्त्यांची नावं काढून आपली घातली. मग पडद्यावर असं यायला लागलं: ‘खेळाडू २. फासे ३ आणि ४. तुम्ही विठ्ठलवाडीत आहात. मालक नाही. विकत घ्यायचं? ह / न.’

नीट चालतो का बघायला मी एकटीच कॉम्प्युटरविरुद्ध खेळायला बसले. तीन दिवस उठलेच नाही म्हटलं तरी चालेल. पहिल्या दिवशी विचार करून ‘ह’ दाबत होते, तिसऱ्या दिवशी ओळ पूर्ण उमटायच्या आत दाबत होते. ‘खेळाडू २ दिवाळखोर. खेळातून बाहेर.’ हे पहिल्यांदा आलं तेव्हा मी मांडीवर थाप मारली. आई म्हणाली, “पास झालीस काय गं?” मला स्वतःचीच चीड आली. भाडेकरूंच्या संघटनेत इतकी वर्षं घसा फोडते, आणि समोर नुसती अक्षरं आली की मी मालक.

मग ठरवलं की हे सगळ्यांना दाखवायचं. रविवारी दुपारी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, लॅपटॉपचा पडदा भिंतीवर पाडला. चाळीत खोल्यांच्या चार ओळी, म्हणून चार खेळाडू. बटणं मी दाबणार, ‘ह’ की ‘न’ ते त्या त्या ओळीने ओरडून सांगायचं.

पहिली दहा मिनिटं सगळे अवघडून बसलेले. मग मावशींच्या ओळीचे फासे ठाकुर्लीवर पडले.

“घ्या, घ्या.”

“आपण राहतोय तिथेच. विकत कशाला घ्यायची?”

“म्हणूनच घे रे, नायतर ते पलीकडचे घेतील.”

मावशींनी घेतली. पुढच्या फेरीत त्या चक्क सौदा करायला उठल्या. पलीकडच्या ओळीला म्हणाल्या, “तुझा शीळफाटा मला दे, विठ्ठलवाडी घेऊन जा.”

“मावशी, शीळफाट्याला तर तुम्ही जाणार नव्हता.”

“राहायला नाय जाणार. मालक व्हायला काय जातंय?”

हॉल हसून हसून आडवा झाला. मावशींनी तासाभरात अर्धा ठाणे जिल्हा घशात घातला. शेवटच्या ओळीवर भाडं चढत गेलं आणि ते दिवाळखोर निघाले, तेव्हा मावशींनी शिट्टीही मारली. मग खाली बसल्या आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, “ए, पण ह्या ठाकुर्लीत राहतंय कोण? ते काय लिहीत नाय इथे.”

“गेममध्ये कोणी राहत नाही, मावशी,” मी म्हटलं. “फक्त मालक असतो.”

मी वीस मिनिटांचं भाषण तयार करून आणलं होतं, ते करावंच लागलं नाही. त्या दिवशी मी इतकी खूश होते की माझी चूक माझ्या हातात होती आणि मला दिसली नाही.

चूक ही. संघटनेत पहिल्या दिवशी शिकवतात की बैठक कोणतीही असो, आधी हजेरी घ्या. मी रेघा मारलेला कागद फिरवला होता: नाव, खोली नंबर, सही. वर विषय लिहायची जागा कोरी ठेवली. विषय काय लिहिणार, ‘गेम’? पोरखेळ वाटला असता. उद्या कोणी विचारलं तर काय सांगणार, की आम्ही दुपारभर व्यापार खेळलो? म्हटलं, नंतर काहीतरी बरं लिहू.

चाळ कमिटीचे सचिव हॉलच्या दारात उभे होते. कचेरीतून रिटायर झालेले, शुद्ध बोलणारे, सगळ्यांचे अर्ज लिहून देणारे काका. म्हणाले, “अगं, असे सुटे कागद गहाळ होतात. माझ्याकडे दे, मी फाइलला लावतो.” मी दिला. थँक यू पण म्हटलं.

पंधरा दिवसांनी नळाजवळच्या फळ्यावर सरकारी कार्यालयाची नोटीस लागली. रहिवाशांनी पुनर्विकासाला संमती दिली आहे, हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी द्यावी, नाहीतर संमती पक्की धरली जाईल. सोबत आमच्या सह्यांची झेरॉक्स. कोऱ्या जागेत काकांचं वळणदार अक्षर: ‘संमती देणाऱ्या रहिवाशांची यादी’.

मी तशीच त्यांच्या दारात गेले.

“काका, ही हजेरी होती.”

“कशाची? वर काय लिहिलं होतंस?”

“काही नाही.”

“मग झालं तर. बिनमथळ्याचा कागद फाइलला लागत नाही.” चष्मा पुसत होते. “आणि हे बघ, चिडू नकोस. तुमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला. मी सांगून ठेवलंय.”

यावर मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. पण खरं सांगते, उपयोगाचंही नव्हतं. वर काय लिहिलं होतंस, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि त्यांना ते माहीत होतं.

मी घरी येऊन हरकतीचा अर्ज टाइप केला. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘दिशाभूल करून’, ‘तीव्र निषेध’. झेरॉक्स काढून खोलीखोलीत जायला निघाले. आधी मावशींकडे, कारण त्यांनी केली की सगळे करतात.

“सही नाय करणार मी.”

“मावशी, हा आपल्या बाजूचा कागद आहे.”

“तो पण आपल्याच बाजूचा होता ना? तूच आणलेलास.” भांडी पुसता पुसता बोलत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. मग हात पुसले, अर्ज घेतला, बोट ठेवून सगळा वाचला. “यात गेम कुठाय?”

“म्हणजे?”

“आम्ही गेम खेळायला आलेलो. ते तू लिहिलंच नाय.”

“गेम लिहिलं तर हसतील, मावशी.”

“हसू देत. तुला हसायचं एवढं काय भ्या वाटतं गं?”

त्यांनी नातवाच्या वहीचं पान फाडलं आणि अर्ज स्वतः लिहायला बसल्या. सातवीनंतर पहिल्यांदा काही लिहीत असतील. मी काही सुचवायला लागले की हात वर करून गप्प करायच्या. पाऊण तासाने पान तयार: ‘मी रविवारी विहारात कॉम्प्युटरवरचा गेम खेळायला गेलेली. आले म्हणून सही केली. घर खाली करायला सही केलेली नाय. मधे आम्ही कुठे राहायचं ते लिहून द्या.’ खाली सही, आणि सहीच्या खालच्या मोकळ्या जागेवर पानभर आडवी-तिडवी रेघ.

माझे बाकीचे टाइप केलेले अर्ज मी पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत. चार दिवस ओळीओळीने लोक आपापल्या अक्षरात लिहीत होते. ज्यांना येत नव्हतं त्यांनी सांगितलं आणि पोरांनी लिहिलं, मी नाही. माझ्या हातात कोणी कागद दिला नाही. मला राग येत होता आणि तो काढायला जागा नव्हती.

सातव्या दिवशी आम्ही अर्ज घेऊन नोटीस काढणाऱ्या त्या कार्यालयात गेलो. टेबलामागचे साहेब मावशींचा कागद वाचून थांबले. “गेम?”

“गेम,” मावशी म्हणाल्या. “मी जिंकलेले.”

साहेब हसले. मागच्या रांगेत कोणी हसलं नाही. “बरं, पण कोऱ्या कागदावर सही करायला सांगितलं कोणी?”

मावशींनी माझ्याकडे बोट केलं. “हिने.”

त्यांना काकांचं नाव घेता आलं असतं. मी मनातल्या मनात तेच म्हणत होते, काकांचं घ्या. पण काकांनी सही करायला सांगितली नव्हती. काकांनी फक्त मथळा लिहिला होता. साहेबांनी माझ्यासमोर कागद सरकवला, म्हणाले, तुमचा जबाब जोडा, त्याशिवाय या अर्जांना अर्थ नाही.

मी उभ्या उभ्या लिहिलं की कागद माझा, जागा मी कोरी ठेवली, आणि ती कोरी ठेवली कारण ‘गेम’ असं लिहायची मला लाज वाटली. हे वाक्य काका उद्या चाळभर वाचून दाखवणार, हे मला लिहितानाच कळत होतं. साहेबांनी शिक्के मारले. चौकशी होईपर्यंत ती संमती धरली जाणार नाही, असं सांगितलं. मावशींनी आपली पोच तपासली, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि दुसरी पाळी गाठायला निघून गेल्या.