पट्टा सोडला की कृष्ण थांबतो

मी घर सोडलं त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या देखाव्याचं उद्घाटन होतं. मुंबईची बस साडेसातला होती आणि सव्वासात वाजले तरी लाऊडस्पीकरवर नावं संपत नव्हती. वर्गणी दिलेले, मांडव दिलेले, नुसतेच शाल-नारळ घ्यायला आलेले, सगळ्यांची. वर कालिया नागाच्या फण्यावर कृष्ण डोलत होता. तो कृष्ण ज्यांनी केला ते आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेजच्या खाली पालथे पडलेले होते.

अण्णा इचलकरंजीत जॉबर. बिघडलेले माग चालू करून देणं हा वर्षभराचा धंदा आणि पावसाळ्यात मंडळांचे हलते देखावे. मागाची जुनी मोटर, तिला पट्टा, पट्ट्यावर कृष्ण. त्या दिवशी ऐन वेळी पट्टा घसरायला लागला म्हणून ते लाकडी दांडक्याने तो पुलीवर दाबून पडून राहिले होते. मी स्टेजचं कापड वर केलं आणि वाकून म्हणालो, "अण्णा, निघतो."

"पट्टा सोडला की कृष्ण थांबतोय. तू हो पुढं," ते म्हणाले. "पोचल्यावर फोन कर."

मग कापडाखालून त्यांचा मोकळा हात बाहेर आला, ग्रीसने काळा झालेला. पायापर्यंत पोचता येत नव्हतं, म्हणून मी तो हातच धरला. माझ्या शर्टाची बाही काळी झाली. माईकवर तेव्हा मांडवाच्या दोऱ्या दिलेल्या दुकानदाराचं नाव चाललं होतं. अण्णांचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. कधीच येत नसे, आणि मी चिडलो की ते म्हणायचे, "आपलं नाव आपण घ्यायचं नसतं. काम बघून लोक घेतात." लोकांनी किती घेतलं ते मी पंचवीस वर्षं बघत होतो.

हे लिहितोय ते तुमच्यासाठी. तिकडे राहिलेल्यांसाठी, जे आता मला पोरांचे सीव्ही पाठवतात. आणि इकडे जर्मनीत आलेल्यांसाठीही, जे दिवाळीच्या फराळाला एकमेकांना 'आपली माणसं' म्हणतात.

ब्राउनश्वाइगला मास्टर्सला आलो तेव्हा मला गेम बनवायचे होते, दुसरं काही नाही. माझा पहिला कॉम्प्युटर मी कॉलेजात सेकंडहँड पार्टांच्या अदलाबदलीतून उभा केला होता. कुणाचा पंखा घेऊन कुणाची रॅम, ती देऊन कुणाचं ग्राफिक कार्ड. भाव करताना मी कधी हरलो नव्हतो. बरोबरचे सगळे गाड्यांच्या कंपन्यांत गेले, कुणी वोल्फ्सबुर्गला, कुणी इंगोलश्टाटला. माझ्याकडे ते आजारी माणसाकडे बघावं तसं बघत. एक जण दर भेटीत विचारायचा, "अजून खेळतोयस का रे?" दाराच्या बिजागरीचं सॉफ्टवेअर लिहिणारा हा माणूस. मी त्याला म्हणायचो, "तू दार लाव, मी खेळतो."

पण नोकरी मिळत नव्हती हेही खरं. गेम कंपन्यांची उत्तरं 'लायडर' या शब्दाने सुरू होत, म्हणजे 'दुर्दैवाने'. पुढचं मी वाचायचं सोडून दिलं. सगळ्यांचा प्रश्न एकच: पूर्ण केलेलं काय आहे? माझ्याकडे चौदा अर्धवट गोष्टी होत्या. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळालेला आउफेंटहाल्ट्सटिटल, म्हणजे इथे राहायचा परवाना, चार महिन्यांत संपणार होता. तो संपला की परत इचलकरंजी, आणि मग आयुष्यभर कुणाच्या तरी स्टेजखाली.

अशा वेळी सुधीरकाका भेटले. फ्रांकफुर्टजवळच्या बाड हॉम्बुर्गला तीस वर्षं राहिलेले, तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. बोलताना प्रत्येक वाक्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', लावायचे, समोरचा काही चूक बोलला तरी. त्यांना गणेशोत्सवासाठी मुलांचा एक गेम हवा होता. इथली मुलं मराठी समजतात पण उत्तर जर्मनमध्ये देतात, तेव्हा खेळता खेळता कानावर पडावी, एवढीच मागणी. बदल्यात ते फ्रांकफुर्टच्या एका गेम स्टुडिओत माझी ओळख करून देणार होते. मला सौदा चांगला वाटला. काहीही लिहून घेतलं नाही, कारण काकूंनी पुरणपोळी वाढली होती आणि काका म्हणाले होते, "आल्झो, तर मग तू घरचाच." सेकंडहँड पंख्यासाठी तासभर भांडणारा मी, दोन पुरणपोळ्यांत गेलो.

तीन महिने मी तो गेम केला. एक उंदीर गणपतीपर्यंत मोदक पोचवतो. वाट काकूंच्या आवाजात सांगितली जाते, डावीकडे, उजवीकडे, पुलाखालून, आणि मूल त्याला तसं नेतं. माझ्या आयुष्यातली पहिली पूर्ण झालेली गोष्ट. शेवटी आभाराचं पान. काकांनी फोनवर नावं सांगितली आणि मी टाइप केली: समिती, समितीच्या बायका, प्रायोजक, हॉलची चावी देणारा हाउसमाइस्टर, मोदक करणाऱ्या सगळ्या, हॉल झाडणारे. चौतीस नावं. माझं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हे आज लिहितानाही माझं डोकं फिरतं. काकांचा जेवढा राग येतो, तेवढाच त्या रात्रीच्या माझ्या बोटांचा. अण्णा मोटर फिरवायला शिकवत होते तेव्हा हेही शिकवून गेले होते, आणि मला पत्ता नव्हता.

गेम स्टोअरवर टाकायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, आमच्या ओंकारचं अकाउंट आहेच, वेगळं कशाला. ओंकार त्यांचा मुलगा, इथेच जन्मलेला, वीस वर्षांचा. गणपतीत गेम दाखवला तेव्हा मंडळात मुलांनी उड्या मारल्या, काकूंनी डोळे पुसले. स्टुडिओतल्या ओळखीचा विषय मी दोनदा काढला. पहिल्यांदा काका म्हणाले बघू, दुसऱ्यांदा म्हणाले गेनाऊ.

शेवटी त्या स्टुडिओत मी स्वतःच अर्ज केला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. तिथल्या अ‍ॅनिमेशनच्या प्रमुख फ्राउ लिंडनर, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, चेहऱ्यावर काही न दाखवणाऱ्या. मी लॅपटॉप उघडला. उंदीर दोन वळणं गेला आणि त्या म्हणाल्या, "हा मी गेल्या आठवड्यात पाहिलाय."

ओंकारने तिथेच प्राक्टिकुमसाठी, म्हणजे उमेदवारीच्या कामासाठी, अर्ज केला होता. गेम आपणच केला, असं सांगून. अकाउंट त्याचं, बापामुळे आडनावही यादीत सर्वांत वर. त्यांनी आभाराचं पान उघडलं, हळूहळू खालपर्यंत नेलं आणि विचारलं, "यात तुमचं नाव कुठे आहे?"

मी सांगितलं, ही यादी मीच टाइप केली आहे. ऐकायला हे खोट्यापेक्षा वाईट होतं. खोटारडा कामाला तरी लावता येतो, मूर्खाचं काय करणार? मी घाईघाईने प्रोजेक्टच्या फायली उघडायला लागलो. त्यांनी हात वर केला. फायली कुणीही कुणाकडून घेऊ शकतो, त्या म्हणाल्या, मला एवढंच सांगा, तुमचा उंदीर वळायच्या आधी अर्धा सेकंद थांबतो. का?

मी विचारलं, त्या दुसऱ्या मुलाने काय सांगितलं?

"तो म्हणाला, ती चूक आहे. दुरुस्त करून देईन."

मला तिथेच हसू आलं. मग मी त्यांना अण्णांबद्दल सांगितलं. मागाच्या मोटरवरचा पट्टा दिशा बदलताना आधी ताणला जातो आणि मग ओढतो, म्हणून मूर्ती वळायच्या आधी क्षणभर अडते. इतर देखावेवाले ती अडचण काढायला गिअर बसवतात. अण्णांनी कधी काढली नाही. मी लहानपणी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "थांबतोय म्हणजे इचार करतोय. इचार करतोय म्हणजे जित्ता हाय. सरळ वळलं की ते बाहुलं." उंदराला तो अर्धा सेकंद देण्यात माझा आठवडा गेला होता, कारण जास्त झाला तर तो अडकल्यासारखा वाटतो. मी टेबलावरचं पेन घेऊन दोन्ही प्रकारे वळवून दाखवलं. फ्राउ लिंडनरनी पेन माझ्याकडून घेतलं आणि स्वतः वळवून पाहिलं. दोनदा. मग म्हणाल्या, "गेनाऊ." जर्मनीत तीन वर्षं राहून हा शब्द त्याच्या खऱ्या अर्थाने मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

नोकरी मिळाली. पगारावर मी घासाघीस केली आणि त्यांना ती आवडली नाही, तरी वाढवून मिळाला. परवाना संपायला एकोणीस दिवस होते.

चौथ्या दिवशी काकांचा फोन. मी स्टेशनवर उभा होतो. ओंकारला नकार आला होता आणि काकूंना वाटत होतं मी काहीतरी बोललो. "अरे, पोरगा चुकला," काका म्हणाले. "आपल्यातलंच आहे, ग्रुपवर कशाला न्यायचं?"

"काका, आभाराच्या पानावर माझं नाव घाला. वर, एकटं. मग मी गप्प."

"समितीपुढे ठेवतो."

"हाउसमाइस्टरचं नाव समितीपुढे ठेवलं होतं?"

ते म्हणाले तू फार चिडका आहेस. मी म्हणालो, हो, आणि पुढे जे बोललो ते ऐकून शेजारच्या बाकावरची आजी उठून लांब जाऊन बसली, भाषा कळत नसूनही. महिनाभराने मंडळाने गेम अपडेट केला. आता यादीत पस्तीस नावं आहेत. माझं शेवटी, हॉल झाडणाऱ्यांच्या खाली: 'तांत्रिक साहाय्य'. ओंकार मात्र रस्त्यात भेटला तेव्हा थांबला आणि मान खाली घालून म्हणाला, "सॉरी, दादा." मराठीत त्याच्या तोंडून मी ऐकलेला हा एकच शब्द, दादा. त्याला मी माफ केलं. बापाला नाही.

गेल्या महिन्यात आमच्या स्टुडिओचा गेम बाहेर पडला. त्यातलं अस्वल कसं उठेल, कसं वळेल, हे मी किती वेळा व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवलं होतं. ते तिकडे मागाच्या खडखडाटात उभे राहून म्हणायचे, "मान आधी, मग खांदा. घाई कुठं हाय त्याला?" यादी करायची वेळ आली तेव्हा मी फ्राउ लिंडनरना म्हणालो, माझ्या वडिलांचं नाव घालायचं आहे. त्या म्हणाल्या, आभारात घाला. मी म्हणालो, आभारात नको, कामात. तीन दिवस भांडलो. कॉलची टिपणं दाखवली. अ‍ॅनिमेशनखाली माझ्या नावाच्या वर आता त्यांचं नाव आहे, हालचालींचे सल्लागार म्हणून.

त्या संध्याकाळी ऑफिसात मोठ्या पडद्यावर नावं सरकत गेली. मी फोन पडद्यासमोर धरला. अण्णांचं नाव आलं आणि गेलं. मला वाटलं त्यांना दिसलं नसेल. मग त्यांनी विचारलं, "आणि खाली कोण हाय?"

"कशाच्या खाली, अण्णा?"

"एवढं सगळं हलतंय. खाली पट्टा धरून कोण पडलंय?"

"कुणी नाही. ज्यांनी केलं ते सगळे वर आहेत."

"मग तिथंच ऱ्हा," ते म्हणाले.

तुम्ही विचारता, घरी कधी येणार, गाव आठवतं का. गाव नाही आठवत. मंडळ, माईक, शालीवाले, कुणीच नाही, इकडचेही नाहीत. घर म्हणजे मला कापडाखालून आलेला तो हात, आणि माझा तेव्हाचा शर्ट, ज्याच्या बाहीवरचं ग्रीस अजून निघालेलं नाही. मी तो धुवायला टाकत नाही.