आंबट गोळ्यांच्या टेबलावर

गोळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत, तिच्याहून मोठा मुकादमसुद्धा. वीस वर्षं ती आंबट गोळ्या चाखत होती. प्रत्येक कढईतली एक गोळी जिभेवर ठेवायची, आंबटपणा जमलाय का ते सांगायचं आणि थुंकायचं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तीच तिची नोकरी.

दोन वर्षांपूर्वी तिने लेकीलाही त्याच टेबलावर चिकटवलं. तेव्हापासून एकच धास्ती, पोरीचे दात किडायला नकोत. पहिल्याच दिवशी तिने नवा ब्रश हातात देऊन बजावलं, "चाखायची फेरी संपली की लगेच घासायचं. कंटाळा करायचा नाही." मग रोज चार वेळा मायलेकी बेसिनशी उभ्या राहून खसाखसा घासायच्या. "दात घासताय की पातेलं?" बायका हसायच्या. मावशी कुणाला भीक घालत नसे.

परवा पोळीचा घास तोडताना तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सगळं विचारून घेतलं.

"कीड नाही, मावशी. झीज आहे. आंबटानं दाताचं कवच मऊ पडतं, त्यातले क्षार निघून जातात. लाळ ते हळूहळू परत भरते. पण तिला तासभर तरी द्यावा लागतो. तोवर नुसती चूळ भरायची."

"आणि लगेच घासलं तर?"

"मऊ पडलेलं खरवडून जातं. ते मग परत येत नाही."

स्वतःच्या दातांचं मावशीला फारसं काही वाटलं नाही, निम्मं आयुष्य तर सरलंच होतं. पण लेकीच्या हातात ब्रश तिनेच दिला होता. दात न भरताच ती उठली आणि तडक कारखान्यात आली.

लेक बेसिनशीच होती. मावशीने तिचं मनगट धरलं आणि ऐकलेलं सगळं धापा टाकत सांगितलं.

लेकीने हातातला ब्रश बेसिनच्या कडेला ठेवला. मग म्हणाली, "सहा महिने झाले, गार पाण्यानं ठणकतात गं. मला वाटलं, माझंच घासणं कमी पडतंय. तू रागावशील म्हणून बोलले नाही. आणखी जोरात घासत गेले."

मावशीने तिला खिडकीशी नेऊन तोंड उघडायला लावलं. वरच्या दातांच्या झिजून पातळ झालेल्या कडांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. पोरीला चोविसावं लागलं होतं.