पाचवं शील

नागपूरहून भिलाईला येताना दुर्गच्या अलीकडे दादाने गाडी हायवेवरून खाली घेतली. धाब्यावर चहा घ्यायचा असेल, असं मला वाटलं. समोर टिनाचं लांब शेड होतं. दर्शनी बाजू काचेची, आणि काचेमागे माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या.

"बिअर बनते इथं," दादा म्हणाला. "मी बनवतो."

स्टील प्लांटमधलं ठेकेदाराकडचं काम सुटल्यावर बिस्किटांच्या कारखान्यात लागलो, असं त्याने घरी सांगितलं होतं. बाबा शेजाऱ्यांनाही तेच सांगत.

आम्ही चळवळीच्या पत्रकांवर वाढलो. बाबा त्याच प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनवायला होते. ड्युटीवरून आले की लिहायला बसायचे. दुर्गच्या छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि आई, दादा, मी जमिनीवर बसून घड्या घालायचो. अक्षरं मी त्यांवरच शिकले. निम्मी पत्रकं दारूविरुद्ध असायची. पगाराच्या दिवशी आई वस्तीतल्या बायकांना घेऊन दारूच्या भट्टीसमोर उभी राहायची. पुढे मीही पत्रकं लिहू लागले, बाबांपेक्षा तिखट.

तेव्हा तिथे मला संताप यायला हवा होता. मुद्दे समोरच होते. वस्तीत मोहाची भट्टी लावली की धाड पडते, इथे पाटीवर रंगीत खडूने 'मोहाची खास बिअर' लिहिलेलं. काचेपलीकडच्या टेबलावर एक बाप लेकराला फिंगर चिप्स भरवत होता, दुसऱ्या हातात ग्लास. मी सगळं पाहिलं आणि काहीच झालं नाही. आई गेल्यापासून असंच चाललं होतं. दिसायचं सगळं, लागायचं काही नाही.

दादाने आत नेलं. शिजलेल्या धान्याचा कोंदट वास होता. पोत्यातून मूठ काढून त्याने माझ्यासमोर धरली.

"जव आहेत. मोड आणून वाळवलेले. खाऊन पाह्य."

मी चावले. गोड लागले.

"काय भाषणवाली? आज भाषण नाही?"

"नाही."

"बीमार आहे का तू?"

"तू पितो?"

"नाही. चाखाले दुसरा आहे. मालक हसते मले." त्याने हात झटकले. "बाबाले तू सांग. तुहं ऐकतात ते. अन् जा म्हणाले, तर दुर्गात खोली पाहून ठेवली मी."

"तू कावून नाही सांगत?"

"मले त्यांच्या तोंडाकडे पाहून होत नाही."

आमच्या घरी तोंडाकडे पाहावंच लागतं. मिलच्या आवाजाने बाबांचे कान गेले. तिथे सगळे ओठांवरून बोलणं ओळखायचे, बाबा घरीही तसंच ओळखतात. संध्याकाळी वंदनेला आम्ही बुद्धाच्या मूर्तीसमोर बसतो, पण बाबा आमच्याकडे तोंड करून. ते एकेक शील म्हणतात, आम्ही मागून म्हणतो आणि ते ओठ बघतात. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. आई होती तोवर दादा तिच्या पाठीमागे बसायचा. आई गेल्यावर तो वंदनेच्या वेळी घरी यायचाच नाही.

भिलाईत शिरून नेहरू नगर मागे पडेपर्यंत मी सांगायचं वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण बाबा मेणबत्ती लावून वाटच पाहत होते. आम्ही हातपाय धुऊन बसलो. चार शीलं झाली. बाबांनी पाचवं म्हटलं. माझे ओठ हलले, दादाचे नाही.

बाबांनी ते पुन्हा म्हटलं आणि थांबले. माझं वाक्य तयार होतं. मी मेणबत्तीकडे पाहत राहिले.

मग दादानेच मान वर करून बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. मिलमध्ये बोलत तसा, आवाज न काढता, मोठे ओठ करून म्हणाला, "बिस्किट नाही, बाबा. बिअर बनवतो मी."

बाबा कितीतरी वेळ त्याच्या ओठांकडेच बघत होते, जणू अजून काही यायचं होतं.

"पितो?"

दादाने मान हलवली. नाही.

"तुह्या आईले मालूम होतं?"

"हो."

बाबांनी मूर्तीकडे पाहिलं. नंतर आईच्या रिकाम्या जागेकडे.

"तरीच तिच्यामागं बसत होता तू," ते म्हणाले. "मंग चारच म्हण. पण जोरानं म्हण. बाप बहिरा आहे म्हणून पुटपुटू नको. चाल, पहिल्यापासून."

दादा इतक्या जोरात म्हणाला की शेजारची काकू दारात येऊन डोकावली. पाचव्याला तो गप्प बसला. बाबा तेवढा वेळ थांबले आणि पुढची वंदना म्हणू लागले.

उठताना त्यांनी त्याला विचारलं, "सकाळच्या शिफ्टले डब्बा किती वाजता लागते तुले?"

दादा तोंड धुवायला मोरीत गेला तो लवकर बाहेर आला नाही. मी पानं घेतली. पाचवं शील मी दोन्ही वेळा म्हटलं होतं, सवयीने, आणि दोन्ही वेळा मला काही वाटलं नव्हतं. दाढेत जवाचं टरफल अडकलं होतं. ते जिभेने काढत मी वरण वाढलं.